थांबा सरांचा काटा

आमचे सर जिना उलटे उतरायचे. चेहरा वरच्या मजल्याकडे, पाठ खालच्या मजल्याकडे, पिशवी पोटाशी धरलेली आणि एक हात कठड्यावर. नव्या पोरांना वाटायचं, सर वरच्या कुणाशी तरी बोलत बोलत उतरताहेत. मग तीही थांबून वर बघायची. वर कुणीच नसायचं. गुडघ्याची वाटी झिजलेल्या माणसाला उलटं उतरताना कमी दुखतं, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. नुसतं सांगून भागलं असतं, पण सरांनी सगळा वर्ग जिन्यावर नेला आणि उलटा उतरवला. नेमके त्याच वेळी कॉलेजची तपासणी करायला आलेले पाहुणे जिना चढत होते. माझी पाठ त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांच्या पोटाला जाऊन टेकली. सर वरून ओरडले, "थांबा! वळू नका! वळताना गुडघ्यावर भार येतो."

मी वळले नाही. तशीच त्या पोटाला टेकून उभी राहिले. लाजेनं कान तापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढची दोन वर्षं ते तापलेलेच होते.

लातूर हे पोरांना डॉक्टर करायला निघालेलं गाव. गल्लोगल्ली अभ्यासिका, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो. अशा गावात मी आधीच डॉक्टर होऊन आले ती क्रीडावैद्यकाची पदविका करायला. नांदेडला घरी हे कुणाला नीट समजावता आलं नाही. खाला म्हणाली, "खेल का डाक्टर? फिर बीमार लोगां किधर जाना?" अम्मीनं शेजारीपाजारी 'हाडांचं काहीतरी' असं सांगून वेळ मारून नेली. सरांबरोबर भर बाजारातून चालायची वेळ आली की मला वाटायचं, खालाचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

कारण सर कुणालाही थांबवायचे. आडत बाजारात पोतं उचलणारा हमाल असो, दोन घागरी घेतलेली बाई असो, की वरातीत नाचणारा नवरदेवाचा मामा असो. सर आडवे जाणार, पंजा वर करणार आणि म्हणणार, "थांबा!" मग कंबर कशी वाकवायची, टाच कुठे टेकवायची, यावर भर रस्त्यात पाठ. लोक आधी गोंधळायचे, मग चिडायचे, आणि शेवटी आमच्याकडे असं बघायचे की, या म्हाताऱ्याला तुम्ही घरी का नेत नाही? त्यांना सगळं गाव थांबा सर म्हणे. खरं नाव पगारपत्रकावर असेल.

एकदा वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीचं लग्न होतं. मी नवा शरारा घालून गेले होते. मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग, आणि ढिगात उकिडवे बसलेले आमचे सर एकेक चप्पल उलटी करून तळ बघत होते. "ओ डॉक्टर, इकडे या! ही बघा, टाचेला आतून झिजली. या बाईचा पाय आत कलतो. गुडघा दुखत असणार." मी पाण्याच्या टाकीकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात मुलीकडचा एक धिप्पाड माणूस आला.

"ओ काका, काय करून राहिले तुम्ही?"

"तुमची कुठली?" सरांनी विचारलं.

"ही. का?"

"थांबा. डाव्या कंबरेत कळ येते ना?"

"अरे, म्हातारं चपला चोरून राहिलंय!" असं तो ओरडला आणि चार माणसं जमली. सरांना कॉलरला धरून उभं केलं, तेव्हाही त्यांच्या हातात ती चप्पल होतीच. जेवायच्या पंगतीत सगळे आमच्याकडे बोट दाखवून हसत होते. माझ्या घशाखाली बुंदी उतरली नाही. सर मात्र दोनदा मठ्ठा मागून जेवले.

तो धिप्पाड माणूस पुढच्या सोमवारी आमच्या बाह्यरुग्ण विभागात हजर. डाव्या कंबरेवर हात ठेवून. असं होऊ लागलं की माणूस बिघडतो. सर बहुतेक वेळा बरोबर निघत, आणि त्याची त्यांना सवय झाली होती.

आणि त्यांचा काटा. ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, दोन दातांचा, पोलादी. गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो. गुणगुणता काटा दुखऱ्या हाडावर टेकवायचा. हाडाला बारीक चीर असेल तर त्या कंपनानं माणूस कळवळतो. जुनी पद्धत आहे. पुस्तकात तिच्याबद्दल एक ओळ असते, आणि त्या ओळीतच लिहिलेलं असतं की यावर फार विसंबू नये. सर ती ओळ वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे ज्यानं लिहिलं त्याला काटा धरता येत नसणार." काटा त्यांच्या वरच्या खिशात पेनाशेजारी असे. कँटीनमध्ये तो स्टीलच्या ग्लासला लावून ते ऐकत बसत. एमआरआयचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं: "शरीराला विचारा, माणसाला विचारू नका. माणूस खोटं बोलतो, त्याला कुठंतरी पोचायचं असतं."

आमच्याकडे क्रिकेटवाले, टेनिसवाले कुठून येणार? आमचे खेळाडू म्हणजे पोलीस भरतीची पोरंपोरी. गावाबाहेर एका माजी सैनिकाची भरती अकादमी होती. त्यांना सगळे मेजर म्हणत. उजाडायच्या आत शे-दीडशे पोरंपोरी डांबरी रस्त्यावर धावत, निम्म्यांच्या पायात बूट फाटलेले. आम्ही आठवड्यातून एकदा तिथं जाऊन पाय तपासायचो. नडगी दुखते, ही तक्रार तिथं सर्दीसारखी. तिच्यातली कुठली नुसती हाडावरच्या पडद्याची सूज आणि कुठली खरी चीर, हे ओळखणं हाच आमचा अभ्यास होता. सूज असेल तर थोडं सांभाळून पळता येतं. चीर असेल तर पळणं म्हणजे हाड मोडून घेणं.

शिवकन्या तिथं भेटली. औशाकडच्या एका खेड्यातली, उंच, बोलायला फटकळ. मुलींमध्ये सगळ्यात पुढे तीच असायची. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती आणि तिची नडगी दुखत होती. वयाची मर्यादा संपत आल्यानं हीच तिची शेवटची भरती होती. आणि घरी आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की औंदा लागली तर नोकरी, न्हाई तर लग्न. हे सगळं तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी, बूट काढता काढता सांगितलं.

डिसेंबर होता. गवतावर दव, तोंडातून वाफा. मी तिचा पाय धरला होता. सरांनी खिशातून काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि तिच्या नडगीवर टेकवला. ती "आई गं!" म्हणून किंचाळली आणि पाय असा ओढला की मी मागे पडले. पुढे ती काहीतरी म्हणत होती, पण सरांचा पंजा वर गेलेला होता.

"थांबा. चीर आहे. पळायचं बंद."

"सर, ऐका तर..."

"पळायचं बंद म्हणजे बंद. सहा आठवडे."

"सर, महिना ऱ्हायला न्हाई. ही भरती गेली तर माझं वय बसत न्हाई पुन्हा."

"हाडाला वय कळत नाही."

आमच्यातला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, एकदा एमआरआय करून बघू या का?" सरांनी काटा पुसून खिशात ठेवला. "याला कळतं ते यंत्राला कशाला विचारायचं?" वर्ग हसला. सरांची टिंगल करायची तशीच त्यांच्यावर विश्वास ठेवायचीही आम्हाला सवय झाली होती.

सरांना तिचा स्वभाव कळला होता. ही ऐकणार नाही, चोरून पळणार. म्हणून त्यांनी एक काम केलं, जे त्यांनी आधी कुणाच्या बाबतीत केलं नव्हतं. मेजरांकडून नंबर घेतला आणि तिच्या वडिलांना फोन लावला. पोरीचं हाड तडकलंय, पळाली तर पाय जन्माचा जाईल, तिला घेऊन जा. मी शेजारीच उभी होते. सरांचा आवाज काळजीनं भरलेला होता, त्यात खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी शिवकन्याचे आप्पा येऊन तिला गावी घेऊन गेले. चाचणीच्या दिवशी ती घरीच होती.

त्यानंतर सरांनीच तिला लातूरला बोलावून एमआरआय करवला. कशाला, तर आम्हाला दाखवायला. काट्यानं ओळखलेली चीर यंत्रात कशी दिसते, हे त्यांना आम्हाला शिकवायचं होतं. यंत्राला काट्याची साक्ष द्यायला लावायची होती म्हणा ना. फिल्म आली. सगळा वर्ग आणि सर उजेडाच्या पेटीपुढे उभे. रेडिओलॉजीच्या मॅडम बराच वेळ बघून म्हणाल्या, "हाडात काही नाही, सर. पडद्याला थोडी सूज आहे, बस."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुणीतरी म्हणालं, "सर, भरून आली असेल चीर. विश्रांती मिळाली ना." सरांना हवं असतं तर ती पळवाट मोठी होती. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्याही होत्या.

"एवढ्यात? इतकी साफ?" सर म्हणाले. "नाही भरत. ही पोरगी पळू शकली असती."

त्या दिवशी ते जिना सरळ उतरले. प्रत्येक पायरीला त्यांचा चेहरा आवळलेला मला दिसत होता.

त्याच आठवड्यात सर मला घेऊन तिच्या गावी गेले. पोरीच्या घरी जायचं, सोबत बाईमाणूस असावं म्हणून मी. एसटीत औशापर्यंत ते खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारचा माणूस पाठीला बाक काढून बसला होता, त्याच्याकडेही त्यांनी बघितलं नाही. मला ते थांबा सर परत हवे होते. बाजारात माझी मान खाली घालायला लावणारे.

घरी आप्पांनी अंगणातच हात जोडून लिंगायतांचा नमस्कार घातला. "शरणार्थ सर! या, या. अगं ए, सर आले बघ, लातूरचे मोठे डॉक्टर!" बाजेवर सतरंजी अंथरली, पंखा बाहेर आणला. आम्ही बसायच्या आत आप्पांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "घ्या सर. तुमच्यामुळं झालं सगळं. तुम्ही फोन केला, पोरगी घरी आणली, आन् चार दिसांत सोयरीक जमली. नांदेडचं स्थळ हाय, पोरगा चांगला हाय. लई उपकार झाले तुमचे."

सरांनी पेढा हातात घेतला. खाणार कसे? मी माझा पेढा ओढणीच्या टोकात बांधला. आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या अंगणातल्या उपकारांइतकं काही लागलेलं नाही.

शिवकन्या चहा घेऊन आली. साडीत होती. सर उठून उभे राहिले, हातातल्या पेढ्यासकट.

"बाई, माझं चुकलं. हाडात चीर नव्हती. तू पळू शकली असतीस."

आप्पा हसले. "चुकलं कसं? देवानं केलं ते बरंच केलं."

"देवानं नाही, आप्पा. मी केलं."

शिवकन्यानं चहा बाजेवर ठेवला. आवाज न चढवता बोलली. "काटा गार व्हता, सर. लई गार. म्हणून वरडले मी. तवाच सांगत व्हते, तुम्ही ऐकून घेतलं न्हाई."

सरांनी हातातला पेढा बाजेच्या कडेला ठेवला.

"पळाले असते तर पास झाले असते का न्हाई, मला बी ठावं न्हाई. पण नापास झाले असते तर माझी मी झाले असते."

एवढं बोलून ती आत गेली. आप्पा ओशाळून म्हणाले, "पोरीची जात, तिचं काय मनावर घेता." सरांनी दाराकडे बघून हात जोडले. तिथं कुणी नव्हतं. आप्पांना ते मुळीच आवडलं नाही. मोठ्या डॉक्टरनं त्यांच्या पोरीला हात जोडावेत यानं त्यांना अवघडल्यासारखं झालं, आणि मग आम्ही लवकर निघालो.

लोकांना वाटलं, आता सर काटा फेकून देतील. त्यांनी फेकला नाही, आणि कॉलेजही सोडलं नाही. त्यांनी केलं ते असं. दर वर्षी नवी तुकडी आली की पहिल्या तासाला ते शिवकन्याच्या पायाची ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावत. नाव झाकलेलं असे. तिची परवानगी त्यांनी मेजरांमार्फत घेतली होती. मुलांना सांगत, "हाडात चीर आहे. कुठे आहे ते दाखवा."

मी नांदेडला दवाखाना सुरू केल्यावर एका वर्षी त्यांनी मला पाहुणी म्हणून त्या तासाला बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले. मुलं पुढे येऊन फिल्मला नाक लावून शोधू लागली. एकीला एक पुसट रेघ सापडली. दुसऱ्याला जरा खाली दुसरी सापडली. दोघांचा वाद सुरू झाला. मी ती फिल्म आधी बघितलेली, तिच्यात काही नाही हे मला ठाऊक. तरी त्या मुलीनं बोट ठेवलं तिथं मला खरोखर रेघ दिसली. दिसली म्हणजे दिसली. मी मान खाली घातली.

"काही नाही तिथं," सर म्हणाले. "मी आहे म्हणालो, म्हणून तुम्हाला दिसलं. मलाही असंच दिसलं होतं, आणि त्यापायी एका पोरीची भरती हुकली." मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. फोनची, पेढ्यांची, सगळी. मुलं खाली बघत होती. एक जण चुकून हसला आणि मग त्याचेही कान लाल झाले. माझ्याच ओळखीचे लाल.

शिवकन्या लग्न होऊन नांदेडलाच आली होती. नवरा समजूतदार निघाला. लेक शाळेत जायला लागल्यावर तिनं भरतीच्या मुलींना पळायला शिकवायला सुरुवात केली. गळ्यात शिटी, अंगात ट्रॅकसूट, आणि जीभ पहिल्यासारखीच. मुलींचे पाय तपासायला ती माझ्याकडे पाठवायची. एकदा मीच भीत भीत सरांचं नाव काढलं. तिनं शिटीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "येऊ द्या त्यांना. पण थांबा म्हणायचं न्हाई. काय हाय ते पोरीला सांगायचं. ठरवायचं तिनं." मी ते सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून शब्दन्शब्द पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे."

आता सर निवृत्त आहेत. दर हिवाळ्यात भरतीआधी लातूरहून एसटीनं येतात, काठी टेकत मैदानावर येतात. शिवकन्या त्यांना खुर्ची देते, चहा देते, 'सर' म्हणते. त्यापलीकडे बोलत नाही.

परवाच्या डिसेंबरात ते आले तेव्हा मीही मैदानावर होते, आणि एक मुलगी नडगी धरून बसली होती. चाचणी तोंडावर आलेली. सरांनी खिशातून काटा काढला. आपटला नाही. आधी दोन्ही तळव्यांत धरला, मुठी आवळल्या आणि तसेच बसून राहिले. मग काटा स्वतःच्या गालाला लावून बघितला, परत मुठीत धरला. शिवकन्या शेजारी उभी राहून बघत होती.

काटा टेकवला तेव्हा मुलगी जरा कळवळली. सरांनी तिला सगळं सांगितलं: बहुतेक सूज आहे, चीर असूही शकते, काट्यावर विसंबू नकोस, एमआरआय कर, पळालीस तर काय होईल, नाही पळालीस तर काय होईल. मग विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मुलीनं शिवकन्याकडे बघितलं. शिवकन्यानं मुद्दाम मैदानाकडे तोंड फिरवलं.

"तपासून घेते," मुलगी म्हणाली. "पण काही बी निघालं तरी चाचणीला पळणार, सर."

माझ्या जिभेच्या टोकावर 'थांब' आलं होतं. दवाखान्यात तो शब्द मी दिवसाकाठी किती जणांना सहज फेकून मारते, ते त्या क्षणी आठवलं आणि मी तोंड मिटलं. सरांचा उजवा पंजा गुडघ्यावरून जरा वर उचलला गेला. मग त्यांनीच तो डाव्या हातानं धरून खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

मुलगी लंगडत बाकीच्यांकडे गेली. सरांनी काटा अजून मुठीतच धरला होता, त्याला ऊब देत असल्यासारखा. शिवकन्या त्या मुठीकडे बघत होती.

"एवढंच तर करायचं व्हतं, सर," ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले.

तिनं शिटी वाजवली. पोरी पळायला लागल्या. सरांनी मान वर केली नाही.